न बघायचे पैसे

“पोरी, माझी जाहिरात या जगात एकाही माणसाला दिसत नाही,” भोईरशेठ म्हणाले आणि त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

मी ठाण्यात माजिवड्याच्या एका छोट्या जाहिरात एजन्सीत काम करते. शेठचा डोंबिवलीत, कोपरला मसाल्याचा कारखाना, घरही तिथेच. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट. ते गेले तर ऑफिसातली एक खुर्ची रिकामी होणार होती, आणि त्यांचं अकाउंट मीच बघत असल्यामुळे ती कोणाची हे वेगळं सांगायला नको.

मी घाईघाईनं डॅशबोर्ड उघडला. डॅशबोर्ड म्हणजे जाहिरात किती लोकांना, कुठे दिसली ते सांगणारं पान. आमची जाहिरात ठाण्यापासून कल्याणपर्यंत ऑनलाइन व्हिडिओच्या आधी लागायची. पाच सेकंदांनी ‘स्किप’चं बटण येतं, ते तुम्हाला माहीत आहेच. आकडे झकास होते.

“हे पान तुम्हीच बनवता ना? मग आकडे चांगलेच येणार,” शेठ म्हणाले. “मला डोळ्यांनी दाखव. आत्ता. तुझ्या फोनवर.”

आली का पंचाईत! माझ्या फोनवर अ‍ॅड ब्लॉकर होता. म्हणजे चहाच्या गाळणीसारखं सॉफ्टवेअर, व्हिडिओ खाली येतो आणि जाहिराती वर अडकतात. दिवसभर ऑफिसात जाहिरातीच बघायच्या, घरी तरी नकोत. मी आमच्या कुलकर्णी सरांकडे पाहिलं.

“मी प्रीमियम भरतो,” सर पुटपुटले. दर महिन्याला पैसे भरले की जाहिराती येत नाहीत, ते प्रीमियम. डिझायनरही भरत होता. अख्ख्या जाहिरात एजन्सीत जाहिरात दिसेल असा एक फोन सापडेना.

“हलवायाला मिठाईची हौस नसते, शेठ,” सर हसून म्हणाले.

“मी माझाच मसाला खातो,” शेठ म्हणाले. ते हसले नाहीत.

शेवटी त्यांच्या घरी जाऊन दाखवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी कोपरला गेले. शेठचा मुलगा प्रथमेश घरातच होता. त्याच्या फोनवर व्हिडिओ लावला, सरळ सुरू झाला. टीव्हीवर तेच, सुनेच्या लॅपटॉपवर तेच.

“अहो, प्रीमियमचा फॅमिली प्लॅन घेतलाय ना,” प्रथमेश म्हणाला. “घरात एकपण अ‍ॅड येत नाही. पप्पा, तुमच्या फोनवर पण मीच टाकलाय.”

शेठचा चेहरा त्यांच्या मिरचीपुडीच्या रंगावर गेला. “म्हणजे जाहिरात दाखवायचे पैसे मी भरतो, आणि न बघायचे तू?”

“हां, म्हणजे तसंच.”

“कोणाच्या कार्डावरून?”

प्रथमेश पंख्याकडे बघायला लागला.

“चोर आहात सगळे,” शेठ कडाडले. “व्हिडिओ फुकट पाहिजे, आणि आपला माणूस दोन शब्द बोलायला आला की तोंडावर दार लावायचं!”

“फुकट कुठे? पैसे भरतो ना. आणि एका गाण्याच्या आधी दोन दोन अ‍ॅड येतात, पप्पा. माणसानं करायचं काय?”

मला दोघांचंही पटत होतं. पर्समध्ये ब्लॉकरवाला फोन होता, म्हणून मी पर्सची चेन लावून घेतली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून शेठचाच आवाज आला, “आई, जेवलीस का?”

शेठ तर माझ्यासमोर उभे होते.

आम्ही आत धावलो. शेठच्या आई खाटेवर बसून फोनवर भजनं ऐकत होत्या, आणि भजनाच्या आधी आमची जाहिरात लागली होती. जाहिरातीत आधी कारखाना, मग मशीन, मग पाकिटं असा क्रम शेठनी हट्टानं लावून घेतला होता. ते स्वतः अगदी शेवटी येऊन कॅमेऱ्यात बघून हा प्रश्न विचारतात. आईच्या भूमिकेत दुसरी बाई त्यांनी घेऊ दिली नव्हती, म्हणून समोर नुसता कॅमेरा.

“ही रोज दिसते?” मी विचारलं.

“दिसते ना गो बाय. दिवसातून चार चार वेळा.”

“आणि तुम्ही स्किप करत नाही?”

“मधी ते मशीन लय वेळ फिरतं, कंटाळा येतो. पण मग हा येतो ना.”

प्रथमेश ओशाळला. प्लॅनमध्ये ठरावीकच माणसं बसतात. आजीची पाळी आली तेव्हा जागा संपली होती, आणि भजनंच तर ऐकते म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. “दे आजी फोन. माझ्या जागी तुला टाकतो, अ‍ॅड बंद.”

आजींनी फोन पदराखाली घेतला. “हात नको लावूस. घरात हा कधी विचारतो? यात तरी विचारतो.”

शेठ खाटेच्या कडेला टेकले आणि बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत राहिले.

परतताना रिक्षात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर जाहिरात दिसत होती सगळ्यांना, पण लोक मशीन बघून पाच सेकंदांत पळत होते. शेठपर्यंत आजींशिवाय कोणी पोचतच नव्हतं. कोण कुठपर्यंत बघतं तो तक्ता डॅशबोर्डात खाली असतो, आणि वरचे आकडे झकास असले की खाली कोण जातंय! आम्ही जाहिरात उलटी केली. आधी शेठ, मग पाकिटं. मशीन काढूनच टाकलं. शेठनी हूं की चूं केलं नाही. पुढच्याच एका लग्नाच्या हळदीत मांडवभर लोक त्यांना “शेठ, जेवलात का?” म्हणून ओरडले, आणि माझी खुर्ची वाचली.

तेव्हापासून नव्या क्लायंटला मी पहिल्याच मीटिंगला विचारते, घरात प्रीमियम कोण भरतं? माझा ब्लॉकर मात्र आहे तिथेच आहे.

शेठ आता दुपारी घरी जेवायला जातात. पहिल्या दिवशी त्यांनी आत जाऊन विचारलं, “आई, जेवलीस का?”

आजी म्हणाल्या, “नाय अजून. मघाशी फोनवर सांगितलं ना तुला, थांबलेय म्हणून.”