पांढरा दाखवा

माझा मामा दात करतो. डॉक्टर नव्हे तो. डॉक्टर जो नवा दात तोंडात बसवतात, तो आधी कुणीतरी कुठेतरी बसून घडवलेला असतो. तो कुणीतरी म्हणजे माझा मामा. चिनी मातीची पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशनं थरावर थर द्यायचे, डब्याएवढ्या भट्टीत भाजायचे आणि लोकांचे पुढचे दात जन्माला घालायचे, हा त्याचा एकतीस वर्षांचा उद्योग. बोलताना तो समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, तोंडात बघतो. मामी अजून सांगते, "पहिल्या भेटीत यानं मला नाव विचारलं नाही, जरा हसा म्हणाला. मला वाटलं, काय रसिक माणूस आहे! नंतर कळलं, छटा बघत होता."

छटा म्हणजे पांढऱ्याची छटा. मामाच्या खिशात कायम एक पट्टी असते आणि तिच्यावर नमुन्याचे सोळा दात ओळीनं लावलेले असतात. तुम्हाआम्हाला ते सोळाही पांढरेच दिसतील. मामाला त्यांतला एक पिवळट दिसतो, एक तांबूस, एक राखी, आणि प्रत्येकाचा नंबर तो झोपेतही सांगेल. एकदा बसमध्ये सुटे पैसे काढताना चुकून ही पट्टी बाहेर आली, तर शेजारच्या बाई उठून थेट मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी त्याच्याच खोलीत काम करते. खोक्यांवरची आणि पुड्यांवरची चित्रं हा माझा धंदा. साबण, बिस्किटं, चहा, जे येईल ते सजवून देते. खोली मामाच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. तिला एकच मोठी खिडकी, जिच्यातून उजेड भरपूर येतो पण ऊन कधी येत नाही. खिडकीशी मामाचं टेबल, दाराशी माझं. भिंती राखाडी, पडदा राखाडी, मामाचा एप्रनही राखाडी. मी एकदा लालभडक कुर्ता घालून गेले तर त्यानं मला दारातूनच परत पाठवलं. "तुझ्या कुर्त्यामुळं माझे सगळे दात लाजलेत," म्हणाला. तेव्हा मला भयंकर राग आला होता. आता माझ्याकडे चार राखाडी कुर्ते आहेत आणि आईला वाटतं, पोरीला कसलं तरी दुःख आहे.

तर एके दिवशी सकाळी माझ्या मॉनिटरनं राम म्हटला. मी डोक्याला हात लावून बसले असताना मामा म्हणाला, "दोघांत मिळून एक चांगला घेऊ. मलाही हवाय." मी चाटच पडले. दात खिडकीत ठरतो, पडद्यावर नाही, असं म्हणून त्यानं आजवर मॉनिटरची हेटाळणीच केली होती. कुणा कचेरीनं टाकून दिलेला एक जुनाट मॉनिटर त्याच्या टेबलावर होता आणि त्याच्यावर तो मुख्यतः एप्रन वाळत घालायचा.

त्याला मॉनिटर हवा होता तो एका बाईंसाठी. दूरच्या गावातल्या डॉक्टरांकडून काम आलं होतं: वरचा, मधला, डावा, एकच दात. एकटा पुढचा दात हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. पुढचे चारही नवे करायचे असले तर ते एकमेकांसारखे झाले की भागतं. एकट्याला शेजाऱ्यासारखं व्हावं लागतं, आणि शेजारी चाळीस वर्षांचा असतो. एरवी मामा माणसाला बोलावून खिडकीत बसवतो, पण या बाईंना इतक्या लांब येणं जमेना, म्हणून डॉक्टरांनी फोटो पाठवले. मामानं दात केला. तो परत आला. दुसरा केला, तोही परत आला, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आली.

ती चिठ्ठी मामानं मला वाचायला दिली. बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात. मुलं त्यांच्या ओठांकडे बघून शब्द ओळखतात, म्हणजे दिवसभर वीस जोडी डोळे त्यांच्या तोंडावर खिळलेले. दात पडल्यापासून बाईंना बोलताना तोंडावर हात धरायची सवय लागली आहे. हात वर गेला की मुलांना काही कळत नाही. गेल्या आठवड्यात एका मुलीनं उठून त्यांचा हात धरून खाली ओढला, आणि बाई वर्ग सोडून बाहेर गेल्या. शेवटी डॉक्टरांनी लिहिलं होतं: तुमचा दात पांढरा नाही, पिवळा नाही, पण खोटा दिसतो. या वेळी जमलं नाही तर मला दुसरीकडे विचारावं लागेल.

मामा एरवी नाकावर माशी बसू देत नाही. त्याच्या दाताला कुणी नाव ठेवलं तर तो आधी ठेवणाऱ्याच्या दातांची हजेरी घेतो. या चिठ्ठीवर मात्र त्यानं आधी ब्रश धुतले, पुसले, उभे करून ठेवले आणि मग म्हणाला, "माझ्या हाताला खोट नाही आणि डोळ्यालाही नाही. मग मधे कोणीतरी खोटं बोलतंय." आणि एप्रन बाजूला करून त्या जुनाट मॉनिटरकडे बोट दाखवलं.

दुकानात जाताना माझं आधीच ठरलेलं होतं. मी आठ दिवस माहिती वाचली होती. पडदा केवढा, ठिपके किती बारीक, बाजूनं बघितलं तर रंग पालटतो का, छपाईच्या रंगांपैकी किती दाखवतो, सगळं पाठ. आणि खरं सांगायचं तर या सगळ्याच्या आधी मी एका वक्र मॉनिटरच्या प्रेमात पडले होते. रुंद, झळझळीत, कडा असून नसल्यासारख्या. मैत्रिणींना फोटोही पाठवून झाला होता. मामाला गोडीगुलाबीनं पटवायचं, एवढंच बाकी होतं.

विक्रेता उत्साही होता. त्यानं आम्हाला ओळीनं मांडलेल्या सात मॉनिटरांसमोर उभं केलं. सातांवरही एकच चित्रफीत चालू होती: पोपट, फुलं, कापलेली कलिंगडं.

"रंग बघा साहेब, कसे अंगावर येतात!"

"येतायत खरे," मामा एक पाऊल मागं सरकत म्हणाला. "पांढरा दाखवा."

"पांढरा?"

"पांढरा. कोरा कागद असतो ना, तसा."

विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यानं सातही पडदे कोरे केले. सात पडद्यांवर सात वेगळे पांढरे होते. मामा रांगेतून रुग्ण तपासत निघाल्यासारखा चालत गेला. "हा निळा. हा कावीळ झालेला. हा मधे बरा, कोपऱ्यात गुलाबी. हा…" माझ्या वक्र लाडक्यासमोर तो थांबला आणि त्यानं डोळ्यांवर हात धरला. "हा पांढरा नाही, हा दिवा आहे. याचा उजेड निम्म्यावर आणा बघू."

"साहेब, लोक वाढवायला सांगतात."

"लोकांना पोपट बघायचे असतात. मला दात बघायचाय." आणि त्यानं खिशातून पट्टी काढली. पलीकडे हेडफोन बघणारं एक जोडपं हेडफोन ठेवून आमच्याकडेच बघायला लागलं.

मग परीक्षा सुरू झाली. ती मामानं घरीच ठरवली होती आणि त्यात मलाच राबवलं होतं. सोळा नमुने उलटसुलट क्रमानं लावून, नंबर झाकून, मी खिडकीत त्यांचा फोटो काढला होता. खरा क्रम एका चिठ्ठीवर, चिठ्ठी माझ्या मुठीत. फोटो एकेका पडद्यावर लावायचा आणि मामानं सोळांचे नंबर सांगायचे. वरच्या दिव्यांचा उजेड पडद्यावर पडत होता, तेव्हा त्यानं कोपऱ्यातलं एक रिकामं खोकं मागून घेतलं, त्याची एक बाजू फाडली आणि ते पडद्यावर छपरासारखं धरायला चक्क विक्रेत्याला लावलं. बिचाऱ्यानं धरलं. तोवर त्यालाही चेव चढला होता.

वक्र मॉनिटरवर मामाचे सोळांपैकी सात बरोबर आले. एकतीस वर्षांत त्याला सात कधीच मिळाले नसतील. काविळीवर नऊ. निळ्यावर आठ. शेवटी एक जाड कडांचा, न चमकणारा, शाळेच्या फळ्यासारखा मॉनिटर होता. त्याच्याकडे मी येताना दुसऱ्यांदा बघितलंही नव्हतं. त्याच्यावर मामानं भराभर सोळा नंबर सांगितले. चौदा बरोबर.

"दोन चुकले," मी जरा आशेनं म्हटलं.

"कुठले?" त्यानं चिठ्ठी बघितली. "हे दोघं होय! ते मला खिडकीतही कधीकधी चकवतात. हाच घ्यायचा."

मला संताप आला. निम्मा मॉनिटर माझा होता, आणि माझे पोपट, माझी फुलं, माझी कलिंगडं या फळ्यावर अगदी सपक दिसत होती. मी सांगितलं, "मामा, मला दात नाही करायचे. माझ्या रंगात जीव दिसायला हवा." आणि तावातावानं पिशवीतून माझं चहाचं खोकं काढलं. पेन ड्राइव्हवर त्याचं मूळ चित्र होतंच. या खोक्याचा हिरवा छपाईत मातकट आला होता आणि त्यावरून मी दोन वर्षं छापखानेवाल्याला बोल लावत होते. फळ्यावर माझा हिरवा किती मेला आहे, ते मामाला दाखवायचं होतं मला.

चित्र उघडलं. हिरवा मातकट होता. हातातल्या खोक्यावर होता अगदी तसा. छापखानेवाल्यानं मी दिलं तेच इमानदारीनं छापलं होतं. मीच माझ्या झळझळीत पडद्यावर चुकीचा हिरवा निवडला होता. कानशिलं तापली माझी. मामानं खोक्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या दातांकडे न बघता माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "चल, पैसे देऊन टाकू." दुकानातून बाहेर पडल्यावर मी आधी छापखानेवाल्याला फोन करून माफी मागितली. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

घरी मी रंग मोजायचं यंत्र एका फोटोग्राफर मैत्रिणीकडून मागून आणलं, पडद्यावर टांगलं आणि उजेड खाली आणला. मामी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "नवा आणलात ना? मग असा मलूल का?" मामा उत्तर द्यायला थांबला नाही. त्यानं बाईंचा फोटो उघडला होता, मोठा केला होता, आणि त्याचं नाक पडद्याला टेकायचंच बाकी होतं.

जुन्या मॉनिटरवर बाईंचा शेजारचा, उजवा दात म्हणजे एक स्वच्छ पांढरी पाटी होती. मामानं तशीच पाटी दोनदा करून पाठवली होती. इथं तो दात वेगळाच होता. खालची कड राखी आणि पारदर्शक, हिरडीजवळ तांबूस झाक, मधोमध केसाएवढी उभी रेघ, आणि बाजूला दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे दोन ठिपके. जुन्याच्या भगभगीत उजेडात हे सगळं धुऊन निघत होतं.

"मी त्यांना दोनदा कोरा दात दिला," मामा म्हणाला. "त्यांना चाळीस वर्षं वापरलेला हवाय." त्यानं लगेच डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, एक फोटो परत पाठवा. तुमच्याकडच्या पट्टीवरचा दोन नंबरचा नमुना दाताशेजारी धरून काढा, म्हणजे तुमचा नि माझा उजेड ताडून बघता येईल." तिकडून बहुधा कुरकुर झाली. "हो, तिसऱ्यांदा. आणि या वेळी दात परत येणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो." असं छातीठोक बोलून त्यानं फोन ठेवला.

दात करायला त्याला पाच दिवस लागले. रोज सकाळी मी त्याच्या नव्या दाताचा फोटो काढायचा, शेजारी तोच दोन नंबरचा नमुना धरून, आणि तो पडद्यावर बाईंच्या नव्या फोटोशेजारी लावायचा. मामा खुर्ची मागं ढकलून बघायचा. "कड फार राखी झाली." पुन्हा भट्टी. "ठिपके ठसठशीत दिसतायत, पुटकुळ्या वाटतील." पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी त्यानं बरा झालेला दात चिमट्यानं चुरडून टाकला, तेव्हा मी ओरडलेच. तो म्हणाला, "बरा मी आधी दोनदा पाठवला होता." पाचव्या दिवशी त्यानं दात डबीत ठेवला, डबी बंद केली आणि तो हात धुवायला गेला.

त्यानंतर बारा दिवस डॉक्टरांचं अवाक्षर नाही. मामा दुसरी कामं करत राहिला. मी माझा हिरवा दुरुस्त केला. मामा निर्धास्त होता असं मी म्हणणार नाही. पण फोन वाजला की तो दचकत नव्हता, आणि मी दचकत होते.

तेराव्या दिवशी दुपारी डॉक्टरांकडून एक चित्रफीत आली. बरोबर मजकूर नाही, काही नाही. मी ती पडद्यावर लावली. आवाज येईना. मी तारा तपासल्या, मग लक्षात आलं की या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. "असू दे, चालू दे," मामा म्हणाला.

वर्ग होता. अर्धगोलात बसलेली मुलं, प्रत्येकापुढं चित्रांचे पत्ते. बाई मधे उभ्या होत्या. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. त्यांनी सावकाश एक शब्द उच्चारला, ओठ मिटून, मग उघडून. मुलं टक लावून बघत होती, आणि इकडे आम्ही दोघंही. बाईंनी तो पुन्हा उच्चारला.

"मासा!" मामा एकदम ओरडला.

त्याच क्षणी पहिल्या ओळीतल्या मुलीनं पत्ता उचलून दाखवला. मासा होता. बाई तोंड भरून हसल्या. मग दुसरा शब्द. मी म्हटलं "पंखा", मामा म्हणाला "छे छे, बघ नीट, पाखरू," आणि पत्ता वर आला तर खरंच पाखरू. तो खुर्चीत पुढं सरकून बसला होता. तिसरा शब्द दोघांनाही कळला नाही, मुलांना कळला, आणि मामा त्यांच्यावर चिडला.

चित्रफीत संपली. मी विचारलं, "काय मग? बसलाय का नीट?"

"कोण?"

"दात, मामा! तुझा दात!"

मामानं माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. खिशातली पट्टी काढायला गेलेला हात तसाच राहिला.

"अगं," तो म्हणाला, "बघायचा राहिलाच की."

मी पुन्हा सुरुवातीपासून लावली. या वेळी बाईंनी तोंड उघडताच मामानं मान पुढं काढली, डोळे बारीक केले, आणि मी त्याच्या उत्तराची वाट बघत राहिले. तो तिसरा शब्द ओळखायच्या नादात होता.