मिस्त्रीच्या सासूबाईंची पाठ

गॅरेजवाला मिस्त्री सासूला गाडीतून आपटून आपटून मारणार आहे, अशी आमच्या गल्लीत वर्षभर कुजबुज होती. मला ती निरनिराळ्या घरांतून ऐकायला मिळाली. प्रत्येकाने पदरचं घातलेलं. समोरच्या शिंपिणीने तर मिस्त्रीने सासूच्या नावाने विमा काढल्याचंही जोडून दिलं.

दिसायचंही तसंच. सकाळी शटर वर गेलं की मिस्त्री कुणाच्या तरी जमिनीला टेकलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये सासूबाईंना हात धरून बसवायचा आणि गोदामामागच्या उखडलेल्या रस्त्यावरून फिरवून आणायचा. बाई सत्तरीपुढच्या, मणक्याचं दुखणं जुनं. परत यायच्या तेव्हा केस विस्कटलेले. गल्लीला आणखी काय हवं?

मिस्त्रीचा धंदा असा, की हौशी लोक गाडीचे मूळचे शॉक अब्सॉर्बर काढून बाहेरचे महागडे बसवतात. त्यांना कडक-मऊ करायला वर एक छोटं गोल बटण असतं. ते किती फिरवायचं, हे मिस्त्री ठरवायचा. पण तरुणपणी शर्यतीच्या गाड्यांवर राबलेला माणूस. गाडी दगडासारखी झाली की त्याला वाटे, आता जमली. गिऱ्हाइकं कंबर धरून परत यायची. एकजण म्हणाला, "मिस्त्री, गाडी राहू द्या, आधी माझी कवळी बसवून द्या." धंदा उतरणीला लागला होता.

एकदा त्याने सासूबाईंना डॉक्टरकडून गिऱ्हाइकाच्या गाडीतून घरी आणलं. वाटेत त्या म्हणाल्या, "जावईबापू, खड्ड्यातून बाहेर पडताना मागून कोणीतरी लाथ घालतंय."

मिस्त्रीने गाडी कडेला घेतली, मागची बटणं सैल केली आणि त्याच खड्ड्यातून परत नेली. "आता?"

"आता पाळण्यात बसल्यासारखं झालं. मळमळतंय. थोडं आवळा."

त्याने आवळलं. ती गाडी पुन्हा तक्रार घेऊन आली नाही. त्यानंतर सासूबाईंशिवाय एकही गाडी बाहेर पडली नाही.

कुजबुज मेव्हण्याच्या गावापर्यंत पोचली आणि तो रिकामी बॅग घेऊन थेट गॅरेजात आला.

"भावजी, आईला घेऊन चाललोय."

मिस्त्री गाडीखालूनच म्हणाला, "त्यांना विचारलंस?"

"विचारायचं काय? लोक काय बोलतात माहीत आहे?"

"माहीत आहे. विम्याचा हप्ता तेवढा कुणी भरत नाही."

बोलला खरा, पण हातातला पाना थांबला होता. त्या गेल्या तर गाड्या पुन्हा दगड होणार, हे त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात सासूबाई चपला घालून आल्या. मुलाला म्हणाल्या, "कधी आलास? बस तिथे. ही पिवळी आज द्यायची आहे."

गाडीत जागा दोनच. मुलगा टायरवर बसून राहिला. फेरी मारून आल्यावर त्या उतरता उतरता म्हणाल्या, "डावं मागचं अजून कडक आहे."

"आई, अगं तुझी पाठ?"

"तुझ्या घरी दिवसभर पलंगावर पडून दुखायची, तीच ना? आहे अजून."

"मग कधी निघायचं?"

"उद्या निळी यायची आहे."

मेव्हणा बहिणीच्या हातचा चहा पिऊन रिकामी बॅग घेऊन गेला.

खरं एवढंच होतं: मिस्त्रीला गाडीतले धक्के कळत नव्हते, सासूबाईंना कळत होते, आणि त्यांना फिरायला आवडायचं. विमा कुणाचाच नव्हता.