ओफा आत्याचा लाल फुलांचा घेवडा

ओफा आत्या तशी कुणाचीच आत्या नव्हती, पण केंटकीतल्या आमच्या खोऱ्यात बाई म्हातारी झाली की आपोआप सगळ्यांची आत्या होते. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. आमच्याकडे घराण्याघराण्याचा वेगळा घेवडा असतो. शरदात पीक निघालं की लोक बी देतात, घेतात. ओफा आत्याच्या घरात ती पद्धत नव्हती. बी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं तिच्या आईने बजावलं होतं आणि हिने ते जन्मभर पाळलं. माझ्या बायकोने, लोरीनने, एकदा मूठभर मागितलं, तर ही म्हणाली, "तुमच्या पांढऱ्या घेवड्याला काय धाड भरलीय?"

या मार्चमध्ये पूर आला आणि तळघरातल्या बियांच्या सगळ्या बरण्या वाहून गेल्या. जुन्या एप्रनच्या खिशात चौदा बिया निघाल्या. मेमध्ये तिने त्या लावल्या, नऊ उगवल्या. जून संपता संपता वेल लालेलाल झाले, पण एक शेंग धरेना. फुलं नुसती गळायची.

"आत्या, माश्या फिरकत नसतील," मी शहाणपणा केला.

"डोळे घरी ठेवून आलास का, डेन्झिल? बस इथे आणि बघ."

ती स्टूल टाकून तीन दिवस तेच बघत होती. आमच्या ओसरीच्या तुळया पोखरतात ते काळे भुंगे ढिगाने येत होते. पण फुलाच्या तोंडाशी एकही जाईना. भुंगा फुलाच्या पाठीवर बसायचा, देठाजवळ चीर पाडायचा आणि तिथूनच मध प्यायचा. तो उडाला की मागून बारक्या माश्या त्याच चिरेला तोंड लावायच्या. परागाला कुणाचा स्पर्शच नाही.

"चोर मेले! समोर दार उघडं आहे आणि हे भिंत फोडतायत."

"पावडर मारू का? दोन दिवसांत साफ होतील."

"आणि भुंगे मेले तर टोमॅटो कोण धरवेल? तुझा बाप?"

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच भुंग्याचं काम हाती घेतलं. दव सुकलं की स्टूल सरकवत एकेका वेलापाशी जायची, बोटाने फुलाची पाकळी दाबायची, आतून टोक बाहेर आलं की रंगाच्या कुंचल्याने दुसऱ्या वेलाचे पराग त्यावर टेकवायची. सकाळी दोनशे फुलं तरी व्हायची. पाठ धरायची, तेव्हा शिव्या घालायची आणि पुन्हा वाकायची. धरलेल्या शेंगेला लाल लोकरीचा धागा बांधायची. जुलै संपला तेव्हा धागे होते पाच. त्यातल्या दोन शेंगा हरणाने खाल्ल्या.

आणि ती चोरांना शिव्या घालायची तेव्हा मी खाली मान घालून बसायचो. कारण नकार मिळाल्यावर लोरीनने आत्याच्याच वेलांवरच्या मूठभर वाळक्या शेंगा गुपचूप तोडून आणल्या होत्या. आमच्या तंबाखूच्या कोठारामागे ती दरसाल चार वेल लावायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. तिची शेवटची बरणी अजून माझ्या फळीवर होती. मेलेल्या बायकोला चोर ठरवायला माझी जीभ रेटेना, हे खरं. पण त्या म्हातारीला रोज उन्हात वाकताना बघत मी गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते.

हरणाने शेंगा खाल्ल्या त्या सकाळीही ती स्टूलवर होतीच. मी घरी गेलो आणि बरणी आणून तिच्या मांडीवर ठेवली. सगळं सांगितलं.

तिने झाकण काढलं. जांभळ्यावर काळे ठिपके असलेल्या त्या बिया तळहातावर घेतल्या.

"दरसाल लावायची?"

"दरसाल."

"आणि माझ्यासमोर चर्चमध्ये गाणी म्हणायची! निर्लज्ज बाई." तिचे डोळे भरले होते. एप्रनमध्ये तिने अर्ध्या बिया मोजून न मोजल्यासारख्या ओतल्या आणि बरणी माझ्या हातात परत दिली.

"ही तुझ्याकडे ठेव. पुन्हा पूर आला तर चोराच्या घरी तरी सापडतील."

"आत्या, मग आता हे कशाला? बस जरा."

"तीन वर्षांच्या बिया. उगवतील की नाही कुणास ठाऊक." तिने कुंचला माझ्यापुढे धरला. "तू त्या टोकापासून सुरू कर. आणि हळू दाब, तुझी बोटं रेड्याची आहेत."