लढाई वाढली

आमच्या घरात कधी काही फुटत नसे, संपत नसे आणि बंदही होत नसे. सगळं 'वाढत' असे. बांगडी पिचली तर ती वाढली. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर मंगळसूत्र वाढलं. कुंकवाची डबी रिकामी झाली तरी कुंकू वाढलंच. समोरचा वाणी दिवेलागणीला फळ्या लावायला लागला की आई म्हणायची, "पळ, त्यो दुकान वाढवाय लागलाय." असं सगळ्याच बायका बोलत, पण माझी आई हे सोवळ्यासारखं पाळायची. माझ्या आधीची तिची दोन मुलं राहिली नव्हती. तोंडातून गेलेला वाईट शब्द घरातच कुठेतरी दडून बसतो आणि सवडीनं बाहेर येतो, अशी तिची खात्री होती. आम्ही तिला हसायचो, आणि तिच्यासमोर शब्द मात्र जपून वापरायचो.

त्या पावसाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला शिवाजी पेठेत माहेरी आले होते. आमचे हे पलटणीत शिपाई, गाव हुपरीकडचं. ते रजेवर आले होते आणि रजा बारशापर्यंत पुरेल असा त्यांचा अंदाज होता. जावयानं सारखं सासुरवाडीला येणं त्या काळी शोभत नसे, म्हणून हे दर वेळी नवं निमित्त काढायचे. कधी बैलाला घुंगरमाळ घ्यायची असे, कधी चप्पल शिवायला टाकायची असे. तीच चप्पल पुन्हा पुन्हा शिवायला यायला लागली तेव्हा माझे वडील, आबा, गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पावणं, आता चप्पल तरी बदला, न्हायतर निमित्त तरी." हे लाजून पार कानापर्यंत लाल झाले. एवढा दांडगा गडी लाजला की मला फार बरं वाटायचं.

एकदा तर हुपरीहून तान्ह्या बाळाचे चांदीचे वाळे घेऊन आले. आई खवळलीच. "जल्माच्या आदी वाळं आणत्यात व्हय? पलटणीत ह्येच शिकवत्यात काय?" म्हणाली, आणि ते वाळे तिनं जोंधळ्याच्या कणगीत खोल खुपसून ठेवले. हे गेल्यावर मला म्हणाली, "मानूस गुणाचा हाय. अक्कल येईल हळूहळू."

शेजारी मणेरांची चाची राहायची. बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन ती पेठ पालथी घालायची. तो रमजानचा महिना होता. रोजा असला की चाचीच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे, पण तोंडातून शब्द बाहेर येणं काही थांबत नसे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिनं मला हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. पातळ, काचेतून उजेड आरपार जाईल अशा. माझा हात दाबत, मुठीची हाडं चेपत ती म्हणाली, "ह्या कुठनं येत्यात म्हाईत हाय? आस्ट्रियातनं. बोटीत बसून. तू कवा बोटीत बसली न्हाईस, पर तुजी बांगडी बसून आलीया."

म्हणूनच आबा ओसरीवर पेपर वाचताना 'आस्ट्रिया' म्हणाले तेव्हा मी आधी माझ्या मनगटाकडे पाहिलं.

आबा दरबारच्या पागेत कारकून होते. पेपर आला की ओसरीवर शेजारचे दोघं-तिघं जमायचे आणि आबा मोठ्यानं वाचायचे. आस्ट्रियाच्या राजपुत्राला मारलं, म्हणून आस्ट्रिया सर्व्हिया नावाच्या चिमुकल्या मुलखावर उठली होती. सर्व्हियाच्या पाठीशी रशिया, आस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी, रशियाच्या पाठीशी फ्रान्स. आणि फ्रान्सच्या मागं आपला इंग्रज असेल का नसेल, यावर ओसरीवर रोज वाद. तालमीत दिवस काढलेले एक काका म्हणाले, "पोरांची जोड लागलीया. पोरास्नी खेळू द्यावं. वस्तादांनी लंगोट कसायचं काय काम?"

"वस्तादच कधीपास्नं मांड्या थोपटत बसल्यात की," आबा म्हणाले.

आईला हे मुळीच खपत नसे. "पोटुशी बाईच्या कानावर मारामाऱ्या घालताय व्हय? हळू वाचा, न्हायतर भाईर जाऊन वाचा." मग आबा हळू वाचायचे. आमच्या आबांचं हळू म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल इतपत. आईचा डावा कान लहानपणापासून गेलेला, त्यामुळे तिला आपलं वाटायचं की ते खरंच हळू वाचताहेत. मला आतल्या खोलीत सगळं ऐकू यायचं.

त्या वाचनातलं अर्धंअधिक मला कळत नसे. कोण कुठला कैसर आणि कोण झार. मला एकच भीती होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. वस्ताद उतरले, तर पलटणी निघणार. पलटणी निघाल्या, तर यांची रजा मोडणार. मग पोटातलं मूल बापाचं तोंड कधी बघणार, आणि बघणार तरी का? मी भाकरी थापत असले तरी कान ओसरीवर असायचा. 'रशिया' असा शब्द आला की माझ्या पोटात बाळ फिरायचं. निदान मला तसं वाटायचं.

चाचीची भीती वेगळी होती. त्यांच्या मशिदीत रूमच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या, बादशहाची गोष्ट निघायची. त्यानंही उडी घेतली तर? "तुजा दादला आन् आमचा बादशा, दोघं समोरासमोर नको याया," ती मला म्हणाली, "रोजा सोडताना खजूर तोंडात घालायच्या आदी एवढंच मागती बघ मी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बांगड्या भरून भरून खरबरीत झालेला तिचा हात मी किती तरी वेळ धरून बसले होते.

मग नारळी पौर्णिमा आली. घरात नारळी भाताची तयारी. आई मधल्या दारात विळीवर बसून नारळ खवत होती; मी तिच्या मागे तांदूळ निवडत होते. एवढ्यात आबा पागेतून भिजत आले. छत्री उघडायचीही त्यांना शुद्ध नव्हती. ओसरीवर काका बसले होते, त्यांना आबा म्हणाले, "लढाई वाढली. विंग्रज उतरला."

माझ्या हातातलं सूप कलतं झालं.

आईनं खवणं थांबवलं. मान वर केली. आणि म्हणाली, "वाढली? वाढली म्हणा की. अंबाबाई पावली गं माजी." उठली, खोबऱ्यात गुळाचा खडा कालवला आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला. मग आबांच्या तळहातावर ठेवला, काकांना दिला. "बांगडी वाढली, दुकान वाढलं, तशी ती लढाईबी वाढली एकदाची. सुटलो." आबा हातातल्या खोबऱ्याकडे बघत राहिले. काकांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. वाढली म्हणजे काय, हे त्या बाईला सांगायचं कुणी? मी तोंडातलं गोड खोबरं चावत राहिले आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत राहिले. आई म्हणाली, "रडू ने. चांगल्या बातमीला रडू ने."

तिसऱ्या प्रहरी हे आले. या वेळी चप्पल नव्हती, घुंगरमाळ नव्हती. दारात उभे राहिले तेव्हाच मी ओळखलं. पलटणीतून बोलावणं आलं होतं. रात्रीची गाडी गाठायची होती. ते आबांना सांगणार, एवढ्यात आई वाटी घेऊन पुढे झाली. "या पावणं. तोंड गोड करा. लढाई वाढली म्हणं."

यांनी आईकडे पाहिलं. आबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान जराशी हलवली, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं.

"व्हय की," हे म्हणाले. "वाढली." आणि वाटीतलं खोबरं त्यांनी सगळं खाल्लं. वाटी पुसून खाल्ली. म्हणाले, "पलटणीत जरा हजिरी लावून येतो. साहेबाचं काम हाय." आईनं दही आणून हातावर घातलं. आम्हा दोघांना बोलायला सवड अशी मिळालीच नाही. हे पायऱ्या उतरताना मागे वळून म्हणाले, "कणगीतलं वाळं वेळेवर काढा." ते आईला म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते.

मुलगी झाली, नवरात्रात. बारशाला आईनंच कणगीत कोपरापर्यंत हात घालून वाळे काढले, पदरानं पुसले आणि बाळाच्या पायांत घातले. नणंदेनं कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटून झाल्या. सगळ्या पांगल्यावर आई पाळण्याशी बसली. मी डोळे मिटून पडले होते. तिला वाटलं मला झोप लागली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "तुजा बा येनार हाय, बाय माजे. लढाई अजून वाढली न्हाय. पर वाढंल. वाढंल की."

मी तशीच पडून राहिले. त्या पौर्णिमेला तिचा चांगला कान ओसरीकडेच होता, हे मला तेव्हा आठवलं. आबा काय म्हणाले ते तिला नीट ऐकू आलं होतं. घरात शिरलेला शब्द तिला बाहेर काढता येईना, तेव्हा तिनं त्याचा अर्थच बदलून टाकला होता आणि वर सगळ्यांच्या तोंडात खोबरं घातलं होतं. हेही फसले नव्हते. त्या दोघांनी मला सांभाळलं होतं, आणि मी समजत होते की मी आईला सांभाळते आहे.

मी तिला काही विचारलं नाही. ते सोंग आम्ही घरात पुढे चालूच ठेवलं.

दिवाळी झाली आणि रूमचा बादशहाही उतरला. चाची आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. हाऱ्यात आस्ट्रियाच्या बांगड्या नव्हत्या. देशी काचेच्या, जाड, बुडबुडेवाल्या होत्या. "आता मी काय मागू गं?" तिनं आईला विचारलं. यांची पलटण बसऱ्याला, त्याच बादशहाच्या मुलखात, जाणार असं आबांनी ऐकून आणलं होतं आणि ते चाचीलाही कळलं होतं. आई तिच्या शेजारी टेकली. "तू तुज्या मान्सांसाठी माग, मी माज्या मान्सासाठी मागते," ती म्हणाली. "ऐकनारा काय त्यो निवडून घील." मग चाचीनं माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि त्या जाड बांगड्या भरल्या. एकही वाढली नाही.

मुलगी पाटी घेऊन शाळेत जायला लागली, त्या साली हे परत आले. वाळलेले, उजव्या पायानं लंगडत. मुलीनं ओळखलं नाही. ती आबांच्या मागे जाऊन लपली. आईनं यांना दारातच थांबवलं. नारळ यांच्यावरून उतरवला आणि उंबऱ्याबाहेरच्या दगडावर आपटला. एका घावात दोन शकलं झाली, पाणी यांच्या पायांवर उडालं.

"हं," आई म्हणाली, "आता वाढली."

आणि वाकून शकलं गोळा करता करता ती तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली. शेवटी हेही लंगडता पाय लांब करून तिच्याशेजारी पायरीवर बसले, आणि तिच्या हातातलं नारळाचं शकल त्यांनी हळूच काढून घेतलं.