परातीवरचं सिमेंट

आत्याच्या गावाला, शिरूरच्या पुढं, कुकडीच्या पात्रात काळा कातळ आहे. सहलींच्या बस जातात ते प्रसिद्ध रांजणखळगे वेगळे आणि लांब. इथले खळगे थोडे, उथळ, आणि बाहेरचं कुणी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहत नसे. कधीकाळी वाहत आलेल्या लाव्हाचा हा दगड, पाण्यानं आणि गोट्यांनी घासून घासून पोखरला, हे मी शाळेत शिकले. गावातल्या बायकांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. सगळ्यांत रुंद खळग्याला त्या परात म्हणायच्या आणि घटस्थापनेआधी तिच्यात उभ्या राहून गोधड्या तुडवायच्या. नव्या गोधडीला तर पहिलं पाणी परातीतलंच. त्याशिवाय ती कुणाच्या अंगावर घालायची नाही.

यंदा आत्यानं माझ्या मुलीसाठी गोधडी शिवली. मुलगी नोकरीसाठी हैदराबादला निघाली होती. आत्याला आता सुईत दोरा ओवता येत नाही, तेव्हा ही शेवटची, असं तिनंच जाहीर केलं होतं. म्हणून शिक्रापूरच्या ट्रकांमधून वाट काढत मी तिच्याकडं गेले आणि आम्ही दोघी गोधडी घेऊन नदीत उतरलो.

परात नव्हती. तिच्या जागी सिमेंटचा चौथरा होता आणि त्यावर माणूसभर उंचीचा लाल लोखंडी बदाम, आत उभं राहून फोटो काढायला. गेल्या घटस्थापनेनंतर आत्या नदीवर आलीच नव्हती.

आत्याचा पुतण्या गावात पुढारपण करतो. गाडी पाहून तो मागोमाग आलाच. "काकी, कसं झालंय?"

"माझी परात कुठाय?"

"बुजवली की. बाया पाय घसरून पडायच्या."

"कोण पडलं?"

तो आठवायला लागला. कुणी पडलंच नव्हतं, तर नाव कुठून आठवणार? माझं डोकं फिरलं. एवढा काठ मोकळा पडलाय आणि ह्यांना बदाम रोवायला नेमकी तीच जागा सापडली.

"बायकांना विचारलं होतं का?" मी म्हणाले.

"त्यात काय इचारायचं, ताई? खड्डाच तर व्हता. आन् धुवायचंच आसंल तर घरी मशीन हाय, टाका त्यात."

खड्डा म्हणे. नदीनं किती काळ घासून केलेलं काम ह्यांनी एका दुपारी चार पाट्या माल ओतून संपवलं, आणि वर कौतुकाची अपेक्षा. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं, कारण ऐकण्यात त्याचं काहीच जात नव्हतं.

आत्या मात्र चौथऱ्यावर चढली आणि गोधडी मांडीवर घेऊन बदामाच्या मधोमध बसली. थोड्या वेळानं पुण्याकडचं एक जोडपं आलं. "आजी, जरा बाजूला होता का? फोटो काढायचाय."

"ह्याच्याखाली माझी परात हाय," आत्या म्हणाली. "ती मोकळी करा, मंग उठते."

पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं, मी तिची समजूत घालीन म्हणून. मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

दिवस मावळल्यावर उठावंच लागलं. मुलगी गोधडीविना गेली. पुढं तिचा फोन आला, तिकडं थंडी पडलीये म्हणून. मी म्हटलं, मशीनमध्ये धुऊन पाठवते.

"नको," ती म्हणाली. "परात मोकळी झाली की पाठव."