तिकडच्या मतदानाने थांबलेली शिलाई

मित्रहो, आज दुपारी दारव्ह्याहून जीपने येताना ऐकलेलं सांगतो.

भरल्याशिवाय जीप सुटत नाही, त्यामुळे गप्पा रंगल्या होत्या. माझ्या शेजारी आमच्या गावाजवळच्या तांड्यावरची कविता होती, मोठी बॅग मांडीवर घेऊन. ती तमिळनाडूत अमेरिकेला जाणारे शर्ट शिवायची.

"सुट्टीवर आली का वं?" समोर बसलेल्या, तिच्याच तांड्यावरच्या काकांनी विचारलं.

"नाही काका, काम बंद पडलं. तिकडं अमेरिकेच्या निवडणुकीत सरकार बदललं, त्यायनं आपल्या मालावर कर वाढवला. ऑर्डरच थांबल्या."

"अमेरिका त आपली दोस्त आहे म्हणते!"

"म्हणूनच त तिचे शर्ट शिवून राह्यलो होतो."

सगळे हसले. काका मात्र म्हणाले, "मागच्या मतदानाले आम्ही बाहेरगावच्या पोट्ट्याइले गाडी पाठवून आणलं. तू काहून नाही आली?"

"अमेरिकेची ऑर्डर होती ना. सुट्टी नाही भेटली."



ज्यांच्या शर्टांसाठी तिने स्वतःचं मत सोडलं, त्यांच्या मताने तिचं काम गेलं. त्यांना दोष तरी कसा द्यावा? आपण बटण दाबताना दूरदेशीच्या कुणाचा विचार करतो?

उतरताना तिने हळूच विचारलं, "दादा, तिकडं पुन्हा मतदान कधी असते? घरी बाबा सोयरीक पाहून राह्यले. मले परत जायचं आहे."

तिकडची निवडणूक कधी, ते मी सांगितलं. तोवर तिचे बाबा थांबतील का, हे तुम्हीच सांगा.