पितळी मुठीची जागा

मिस्त्रींच्या घरातली दारं वर्षातून एक दिवस जागेवर नसायची. तो दिवस म्हणजे मोठ्या सुट्टीतला पहिला रविवार. धाकटा भाऊ बायकोमुलांना घेऊन यायचा, बहीण यायची, बहिणीच्या सासरचं कोणीतरी सहज डोकावल्यासारखं यायचं आणि जेवूनच जायचं. एवढी माणसं बसतील असं टेबल घरात नव्हतं. अर्ध्या शहराला टेबलं करून देणाऱ्या सुताराच्या घरात स्वतःचं टेबल नाही, असं कोणी बोलून दाखवलं की मिस्त्री म्हणायचे, "करू की, सवड झाली की." ती सवड उभ्या जन्मात झाली नाही.

म्हणून दारं काढायची. पहिल्या वर्षी हे अडचणीपोटी झालं. लग्न नुकतंच झालेलं, बायको स्वयंपाकघरात घामाघूम, बाहेर माणसांची ही गर्दी आणि ताटल्या ठेवायला जागा नाही. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर घेतला, बिजागऱ्यांच्या पिना वर ठोकल्या, झोपायच्या खोलीचं दार उचललं, लाकूड कापायच्या दोन घोड्यांवर आडवं टाकलं आणि म्हणाले, "बसा." पुढच्या वर्षी माणसं वाढली तेव्हा स्वयंपाकघराचं दार आलं. कुटुंब वाढत गेलं तसं एकेक दार कामाला लागलं आणि शेवटी बाथरूमचंही लागलं. तिथे पडदा लावला, पण पडद्याचा काय भरवसा? मग नियम ठरला, आत जाईल त्याने गाणं म्हणायचं. धाकट्या भावाला एकच गाणं यायचं, तेही अर्धं. तो आत गेला की उरलेलं अर्धं बाहेरची मंडळी पुरं करायची.

आता मुठीचं सांगायला हवं. झोपायच्या खोलीच्या दाराला मागून आडव्या पट्ट्या होत्या. त्यामुळे ते ठेवायचं तर दर्शनी बाजू वर करूनच, आणि दर्शनी बाजूला होती लिंबाएवढी गोल पितळी मूठ. ती ज्याच्यापुढे येईल त्याचे हाल. खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाला ताटली सरकवायला जागाच नसे, ती मुठीवरच टेकायची आणि हळूहळू डुलायला लागायची. "स्क्रू गंजलेत," मिस्त्री दरवर्षी गंभीर चेहऱ्याने सांगायचे. "निघता निघत नाहीत. कोणीतरी सांभाळून घ्या." ते कोणीतरी कोण, हेही तेच ठरवायचे. घरात जे माणूस नवीन आलं असेल ते. नवा जावई, नवी सून, एकदा तर बहिणीच्या ऑफिसातले साहेब. वाटीतला रस्सा एकदाचा मांडीवर सांडला की सगळे टाळ्या वाजवायचे आणि मिस्त्री म्हणायचे, "झालं. आता तू घरचा."

त्यांची स्वतःची सूनही त्या जागेवर बसली होती. बिचारीला आधी कोणी काही सांगितलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही, कारण न सांगणं हाही नियमच होता. नवे कपडे, सासरची पहिली सुट्टी, आणि मांडीवर गरमागरम रस्सा. टाळ्या सुरू झाल्या तशी ती उठली आणि डोळे पुसायला बाथरूमकडे धावली. तिथे पडदा. म्हणजे धड रडायलाही आडोसा नाही. त्यात बाहेरून धाकट्या सासूबाईंचा आवाज आला, "गाणं म्हण गं, नाहीतर कोणीतरी येईल आत." तेव्हा सूनबाईने हुंदके देत देत एक अख्खं गाणं म्हटलं. ते इतकं छान झालं की बाहेर पुन्हा टाळ्या पडल्या. पुढे हा किस्सा घरात इतक्यांदा सांगितला गेला की स्वतः सूनबाईसुद्धा हसायला लागली. पण मिस्त्री मनातून ओळखून होते, पोरीच्या काळजात ते कुठेतरी रुतलंय.

गेल्या सुट्टीत घात झाला. स्वयंपाकघराचं दार उचलताना मिस्त्रींची कंबर जी धरली ती सुटेना. मदतीला मुलगा उभा होता, पण दारांना दुसऱ्याचा हात लागलेला मिस्त्रींना खपत नसे. पुढे कितीतरी दिवस ते घरभर वाकून फिरत होते. शेजारचे काही विचारायला लागले तर म्हणायचे, "एक स्क्रू पडलाय, शोधतोय."

यंदा सुट्टी तोंडावर आली आणि मुलाचा फोन आला. "बाबा, या वेळी सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. हिने मोठं टेबल घेतलंय, दोन्ही बाजूंनी उघडतं. दारंबिरं काही काढायला नकोत."

"बरं," मिस्त्री म्हणाले. फोन लगेच ठेवला.

त्यांच्या मते हा सूनबाईचा डाव होता. इतकी वर्षं गप्प राहून तिने बरोबर वेळ साधली होती. आणि तो फ्लॅट तरी काय, मुलाने दोन वर्षांपूर्वी घेतला तेव्हापासून मिस्त्रींच्या डोळ्यांत खुपत होता. ते जायचे तिथे, नाही असं नाही. पण जायचे ते तक्रार आल्यावर मिस्त्री जातो तसे. दारं उघडमीट करून बघायचे, फळीवर टिचकी मारून "आतून पोकळ" म्हणायचे, पाणी प्यायचे आणि चपला घालायचे. "बाबा, जेवून जा ना," सूनबाई म्हणायची. त्यावर ठरलेलं उत्तर, "घरी केलेलं आहे." दोन वर्षांत त्या घरातला एक घास त्यांच्या पोटात गेला नव्हता, आणि ह्यात आपलं काही चुकतंय असं त्यांच्या गावीही नव्हतं. मुलाने आपल्या घरी यायचं असतं, आपण मुलाकडे जाऊन पाहुण्यासारखं काय बसायचं, एवढा सरळ हिशेब.

"मी काही येत नाही," आठवडाभर आधी त्यांनी बायकोला सांगून टाकलं. "तुम्ही जा. मी घर राखतो."

"राखा," त्यांची बायको म्हणाली. ती वाटाणे सोलत होती, मान वर न करता. "दारं चोरीला जायची एखाद्या वेळेस."

"आणि आजपासून मी या घरातल्या एकाही दाराला हात लावणार नाही. मोडू दे नाहीतर पडू दे."

"ऐकलं," ती म्हणाली आणि सोलत राहिली.

मिस्त्रींची गंमत बघा. आयुष्यात त्यांनी हाच एक शब्द पाळला, आणि तोच नेमका अंगाशी आला. त्याच आठवड्यात झोपायच्या खोलीच्या दाराची मूठ नाहीशी झाली. जिथे मूठ होती तिथे दोन भोकं, आणि भोकांतून ओवलेली सुतळी. "ती गळून पडली," बायको म्हणाली. "कुठे गडगडत गेली कोण जाणे. तुम्ही तर हात लावणार नाही, म्हणून मी आपली सुतळी बांधली."

मूठ गळून पडणं शक्यच नव्हतं. तिचे स्क्रू किती घट्ट आहेत हे मिस्त्रींइतकं कोणाला ठाऊक? पण विचारावं कसं? विचारलं की दाराजवळ जाऊन बघणं आलं, बघितलं की हात लावणं आलं. ते सुतळी ओढून दार उघडत राहिले. चार लोकांत ज्याचं काम वाखाणलं जायचं तो मिस्त्री स्वतःच्या खोलीत सुतळी ओढून शिरत होता. मनातून मात्र हललेच होते ते. दारं गेली, मूठ गेली, आता आपलं तिथे काम काय? नव्या टेबलाशी एका खुर्चीवर बसायचं, कोणी वाढेल ते खायचं, आणि लोकांनी "बाबा, तुम्ही बसा हो" म्हणायचं. ह्या "तुम्ही बसा हो"ची त्यांना खरी धास्ती होती. आयुष्यभर ते दुसऱ्यांना बसायला सांगत आले होते.

त्यात यंदा धाकट्याच्या मुलीचा नवरा पहिल्यांदाच सुट्टीला येणार होता. उंचापुरा, नीटनेटका, प्रत्येक वाक्याआधी "म्हणजे बघा" म्हणणारा. असा जावई मुठीच्या जागेवर बसवायला माणसाने देवाकडे मागून घ्यावा. मिस्त्रींनी लग्नातच त्याला मनोमन त्या जागेवर बसवून पाहिलं होतं. आता तो टेबलावर आरामात जेवणार, हात धुणार आणि कोरडाच्या कोरडा घरी जाणार. असा कोरडा माणूस घरचा कसा होणार, हा प्रश्न त्यांनी बायकोला दोनदा विचारला. ती म्हणाली, "तोच प्रश्न सुनेलाही पडलाय वाटतं."

रविवारी सकाळी ती तयार होऊन दारात उभी राहिली. मिस्त्रीही उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"घर राखणार होतात ना?"

"तुला बसमध्ये जागा कोण धरून देणार?" ते म्हणाले. खिशात काहीतरी जड होतं, शर्ट एका बाजूला ओढला जात होता. तो स्क्रूड्रायव्हर आहे हे तिला कळलं. लागलं तर असावा, एवढीच त्यांची भाबडी आशा. तिने शर्ट सरळ केला.

फ्लॅटमध्ये आधीच गलबला होता. मिस्त्रींनी आत पाऊल टाकलं ते सरळ टेबलाकडेच. खाली वाकून पाय पाहिले, कडेवरून अंगठा फिरवला, दोन्ही हातांनी दाबून हलवून पाहिलं. हललं नाही. पॉलिश एकसारखं होतं. सांध्यात नखही शिरत नव्हतं. खोट काढायला काही सापडेना तेव्हा त्यांचा चेहरा आणखीच पडला.

"कसं आहे, दादा?" धाकट्याने विचारलं.

"बरं आहे," मिस्त्री म्हणाले. "टेबलासारखं आहे."

सगळे बसायला लागले. मिस्त्री सवयीने टोकाच्या खुर्चीकडे वळले, आपल्या घरी अशाच टोकाला बसून ते इतकी वर्षं जागा वाटून द्यायचे. पण तिथे सूनबाई उभी होती, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. "बाबा, ही माझी जागा," ती म्हणाली. "या घरात कोणी कुठे बसायचं ते मी सांगते. तुम्ही तिकडे, मधे."

चढणारा राग मिस्त्रींनी गिळला. आलो ना पाहुणे म्हणून, मग सांगतील तिथे बसायचं. मधल्या खुर्चीवर बसले. एका बाजूला तो नवा जावई, दुसऱ्या बाजूला धाकटा, दोघे इतके चिकटून की कोपर हलवायची सोय नाही. त्यांच्यापुढे टेबलावर एक हातरुमाल टाकलेला होता, मधे उंचवटा आलेला. त्यांनी तो उचलला.

खाली मूठ होती. लिंबाएवढी, गोल, पितळी, लख्ख घासलेली. नव्या कोऱ्या टेबलाच्या ऐन पॉलिशवर दोन भोकं पाडून बसवलेली, आणि तीही वाकडी.

सगळ्यांच्या माना मिस्त्रींकडे वळल्या. बायको तेवढी खिडकीबाहेर बघत होती, वाटाणे सोलताना टाळली होती तशीच त्यांची नजर टाळत.

"ही निघाली कशी?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही घरी नसताना येऊन स्क्रू फिरवले, निघाली," सूनबाई म्हणाली. "गंजबिंज काही नव्हता बाबा. इतकी वर्षं कोणी ते फिरवूनच पाहिले नव्हते."

यावर जी हसण्याची लाट उठली तिच्यात मिस्त्रींची उभ्या आयुष्याची थाप वाहून गेली. त्यांनी मुठीच्या बुडाशी अंगठा फिरवला. मग म्हणाले, "अगं, पण नव्या टेबलाला भोकं पाडलीस?"

"पाडली."

"आणि जागा चुकली तुझी. इथे जावईबापू हवेत. नवीन ते आहेत."

"ते लग्न झाल्यापासून दोनदा जेवून गेलेत इथे," सूनबाई म्हणाली. तिचा स्वर अजून थट्टेचाच होता, पण डोळे नव्हते. "या घरात आज पहिल्यांदा जेवायला कोण बसलंय, ते सांगा."

सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांतली सगळी "घरी केलेलं आहे" मिस्त्रींना एका दमात आठवली. जेवून जा म्हणताना ती दरवेळी हातात पातेल्याचं झाकण घेऊन उभी असायची, हेही आठवलं.

सूनबाईने स्वतः त्यांना वाढलं. ताटली मुठीवर टेकली आणि डुलायला लागली. आता लाकडात आयुष्य गेलेल्या माणसाला एक ताटली तोलता येत नाही असं थोडंच आहे? अंगठा खाली धरला असता तरी भागलं असतं, आणि अंगठा निम्म्या वाटेपर्यंत गेलाही होता. तिथून तो परत आला. मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि रस्सा आपल्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर येऊ दिला.

टाळ्यांनी घर दणाणलं. सर्वांत जोरात जावई वाजवत होता, "म्हणजे बघा, म्हणजे बघा" म्हणत.

"झालं," सूनबाई म्हणाली. "आता तुम्ही घरचे."

मिस्त्री उठले, "धुऊन येतो" म्हणाले आणि बाथरूममध्ये गेले. दार लावलं, आतून कडी घातल्याचाही आवाज आला. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, तेवढ्यात आतून गाणं सुरू झालं. मिस्त्री बेसूर होते हे जगजाहीर होतं, पण आज आवाज मधेच फाटत होता, थांबत होता, नाक ओढून पुन्हा चालू होत होता.

"दादा, अरे दार आहे तिथे," धाकटा ओरडला. "लागलंय ते. गाणं कशाला?"

"गाऊ द्या त्यांना," सूनबाई म्हणाली. तिने ताटलीभर गरम भात पुन्हा वाढला आणि त्यांची खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली.